दहा प्रश्नांवर एकच रेघ

शेडगेभाऊजींनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, फॉर्म टीपॉयवर सपाट केला आणि मला एक अक्षरही न विचारता ‘नाही’च्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच रेघ ओढली.

“झालं. वहिनींना कसला आलाय आजार,” असं म्हणून ते चहाच्या कपाकडे वळले.

फॉर्मवर दहा प्रश्न होते. रक्तदाब आहे का, साखर आहे का, हृदयाचं काही दुखणं, आधी कुठलं ऑपरेशन, असे. मी समोरच्या खुर्चीत बसले होते, त्यामुळे मला ते सगळे उलटे दिसत होते. तरी सातवा प्रश्न मी वाचलाच. फिट येतात का, किंवा पूर्वी कधी आल्या होत्या का? भाऊजींची रेघ त्याच्यावरूनही सुळकन गेली होती.

“की हाय काय?” कपातला चहा बशीत ओतता ओतता त्यांनी आपलं रीत म्हणून विचारलं.

दिवाणावर आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, लसूण सोलत बसल्या होत्या. खिडकीपाशी हे पेपर वाचत होते. मी म्हटलं, “नाही. काही नाही.”

ही २०११ सालची गोष्ट. आमची तृप्ती तेव्हा कॅनडात कॅलगरीला होती. तिला सातवा महिना लागला होता आणि मी पाच महिन्यांसाठी तिच्या बाळंतपणाला निघाले होते. आत्याबाई अठ्ठ्याहत्तरच्या, त्यांना एकटं सोडून दोघांनी जाणं शक्यच नव्हतं. म्हणून मी एकटी. कोरेगावहून साताऱ्याला जाताना ज्या बाईबरोबर एरवी कोणी तरी असायचंच, ती आता दोन विमानं बदलून जाणार होती. व्हिसा मिळाला होता, तिकीट आलं होतं, मेतकूट-भाजणीचे डबे भरून झाले होते. राहिला होता तो फक्त प्रवासाचा विमा.

विम्याची कामं आमच्या आख्ख्या आळीत शेडगेभाऊजीच करायचे. हे पाटबंधारे खात्यात साहेब होते तेव्हा भाऊजी तिथेच कारकून होते. पुढे नोकरी सोडून त्यांनी एसटी स्टँडजवळ ऑफिस थाटलं. त्यांची कामाची पद्धत ठरलेली होती. घरी यायचं, चहा घ्यायचा, इंग्रजी फॉर्म स्वतःच भरायचा आणि समोरच्यानं फक्त सही करायची. आजारांच्या प्रश्नांवर ती एक रेघ ते सगळ्यांच्याच फॉर्मवर ओढत. ज्यांच्या घरात साखरेच्या गोळ्यांची बरणी समोर दिसत असे त्यांच्याही. लोकांनाही ते सोयीचंच वाटायचं. घरी आलेल्या माणसापुढे आपली दुखणी कोण मांडत बसतं?

त्यांनी दोन पत्रकं आणली होती. एक साध्या पॉलिसीचं. दुसरी पॉलिसी जवळजवळ दुप्पट महाग, पण तिच्यात जुन्या आजारानं परदेशात अचानक उचल खाल्ली तरी कंपनी दवाखान्याचा खर्च देणार होती. अट एकच, तो आजार फॉर्मवर आधी लिहिलेला हवा. “ती आपल्याला काय करायची? आपल्याला साधी बास,” असं म्हणून भाऊजींनी सहीसाठी पेन माझ्यापुढे धरलं.

तेव्हा हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, “सही उद्या करू या. पासपोर्टची झेरॉक्स पण द्यायचीच आहे.”

मला राग आला. झेरॉक्स कपाटात तयार होती. पण ह्यांचं सगळंच असं. कालव्याचं पाणी सोडायच्या आधी तीनदा दार तपासणारा माणूस, घरातही प्रत्येक गोष्टीला उद्याचा वायदा. एकदा नाही म्हणाले की ब्रह्मदेव आला तरी हो म्हणणार नाहीत, असा स्वभाव. मी मनात म्हटलं, बाबा, एकदाची सही करून टाकू दे आणि हा कागद माझ्या डोळ्यांपुढून जाऊ दे.

कारण सातव्या प्रश्नाचं खरं उत्तर ‘होय’ होतं.

मी अकरा वर्षांची असताना, संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या गावी, शाळेच्या अंगणात मला पहिली फिट आली. मग वर्षभर येत राहिल्या. रत्नागिरीच्या एका डॉक्टरांनी एक छोटी पांढरी गोळी सुरू केली आणि त्या थांबल्या. गोळी घेतली की मी इतर चारचौघींसारखी. पण कोकणात काय किंवा घाटावर काय, फिट येणाऱ्या मुलीला स्थळ मिळत नसे. माझं लग्न ठरलं तेव्हा वडील नव्हते. मनोहरदादानं सगळं पाहिलं आणि लग्नाच्या आदल्या दिवशी मला माजघरात बोलावून एवढंच सांगितलं, “गोळी चुकवायची नाय आणि तोंड उघडायचं नाय. बाकीचं माझ्यावर सोड.”

दादानं शब्द पाळला. दर तीन महिन्यांनी एसटीच्या पार्सलनं त्याचा डबा यायचा. वर कुळथाचं पीठ, खाली प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या गोळ्या. कोरेगावात औषधाच्या दुकानात जायची सोयच नव्हती. फाळकेसाहेबांची मंडळी काय घेऊन गेली, हे संध्याकाळपर्यंत आत्याबाईंच्या कानावर आलं असतं. कुळथाच्या डब्याला मात्र कोणी हात लावत नसे. आत्याबाईंनी पहिल्याच वर्षी नाक मुरडलं होतं. “हुलगं आम्हास्नी काय नवं न्हाईत. शेंगोळी करतोय की सणावारी कधी. पर रोज खायाचं म्हंजी बैलाचं खाणं झालं,” असं म्हणाल्या होत्या. मला तेव्हा वाईट वाटलं, पण डबा सुरक्षित राहिला म्हणून बरंही वाटलं. रोज सकाळी पीठ घ्यायच्या निमित्तानं डबा उघडायचा, गोळी तोंडात टाकायची, वर पाणी प्यायचं. एकतीस वर्षं.

एकदाच चुकलं. लग्नाला दोन-तीन महिने झाले होते. नणंदेच्या लग्नासाठी घर पाहुण्यांनी भरलेलं, स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नाही. आठ दिवस मला डब्यापर्यंत एकटीनं जाता आलं नाही. मग एका पहाटे जाग आली तेव्हा जीभ चावल्यासारखी झोंबत होती, अंग ठेचल्यासारखं दुखत होतं आणि हे शेजारी बसून ओल्या टॉवेलनं माझं तोंड पुसत होते. मी घाबरून त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, “ताप भरलाय तुला. स्वप्नात ओरडलीस.” बाहेर जाऊन आत्याबाईंनाही त्यांनी तापच आहे म्हणून सांगितलं आणि मला दिवसभर झोपू दिलं. मी देवाचे आभार मानले. ह्यांना काही कळलेलं नव्हतं.

तर त्या दिवशी शेडगेभाऊजी गेले आणि मी मनाची समजूत घालायला लागले. त्या पहाटेनंतर एकदाही काही झालं नव्हतं. पाच महिन्यांत काय होणार आहे? संध्याकाळी हे फिरायला गेले. एरवी अर्ध्या तासात येतात आणि येताना भाजी आणतात. त्या दिवशी दीड तासानं आले आणि भाजी विसरले. मी दोन शब्द ऐकवले.

आठच्या सुमारास तृप्तीचा फोन आला. तिकडे सकाळ होती. विम्याचं कुठवर आलं, हा तिचा पहिला प्रश्न. मी म्हटलं, भाऊजींनी फॉर्म भरलाय, साधी पॉलिसी घेतोय. त्यावर तिनं तिच्या मैत्रिणीची हकीकत सांगितली. मैत्रिणीच्या सासूबाई भारतातून आल्या होत्या. त्यांना रक्तदाब होता, पण फॉर्मवर तो लिहिलेला नव्हता. तिकडे एका दुपारी त्या कोसळल्या. जीव वाचला, पण कंपनीनं जुनी कागदपत्रं मागवली, रक्तदाब लपवला म्हणून खर्च द्यायला साफ नकार दिला. घर घ्यायला साठवलेलं सगळं त्या दोघांना दवाखान्यात भरावं लागलं.

“आई, तुला काही नाहीये हे मला माहीत आहे,” तृप्ती म्हणाली. “पण साधं गुडघ्याचं दुखणं असलं तरी लिही. इथे काही झालं तर आम्ही तुला वाऱ्यावर सोडणार नाही, पण आमच्याकडे आत्ता खरंच काही नाही गं. बाळ येतंय.”

मी बरं म्हणाले आणि फोन ठेवला. प्रवासात वेळा बदलतात, झोप उडते, जेवणाचा पत्ता नसतो. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी लहानपणीच सांगितलं होतं, जागरण आणि उपास या पोरीला चालायचे नाहीत. तिकडे एकदा जरी फिट आली तरी ती रेघ माझ्या लेकीच्या गळ्याला फास लावणार होती. आणि खरं सांगायचं तर ह्यांच्यापुढे सांगावं लागणार होतं, की ज्या बाईशी तुम्ही एकतीस वर्षं संसार केलात तिनं पहिल्या दिवसापासून तुम्हाला फसवलं. पॉलिसीचे कागद ह्यांच्याच हातून जाणार, पैसे हेच भरणार, त्यामुळे गुपचूप काही करायची सोय नव्हती. तिसरा मार्ग एकच, जायचंच नाही. गुडघे धरले म्हणून सांगायचं. मग तृप्तीनं परक्या देशात एकटीनं बाळंत व्हायचं. तिची सासू आधीच वारलेली. मी तिला शब्द दिला होता.

रात्रभर कूस बदलत राहिले. सकाळी उठले ते ठरवूनच उठले. आधी शेडगेभाऊजींना गाठायचं, खरं उत्तर लिहायचं आणि तो कागद घरी आणून ह्यांच्यापुढे ठेवायचा. तोंडानं सांगणं मला जमलं नसतं. कागदावरचं त्यांनी वाचलं असतं, आणि मग जे होईल ते होईल. ह्यांना म्हटलं, शिंप्याकडून ब्लाउज घेऊन येते. हे मागच्या अंगणात विहिरीच्या जाळीला ऑइल पेंट लावत होते. विहिरीवर लोखंडी जाळी बसवायचं खूळ ह्यांनी तृप्तीच्या जन्माच्याही आधी घेतलं होतं आणि दर दोन वर्षांनी तिला रंग द्यायचे. मान वर करून त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

“जा,” म्हणाले. “सावकाश ये.”

भाऊजींच्या ऑफिसात तेव्हा दुसरं कोणी नव्हतं. मी खुर्चीत बसले, घाम पुसला आणि पाठ करून आलेलं वाक्य म्हटलं. कालच्या फॉर्ममध्ये एक दुरुस्ती आहे. सातव्या प्रश्नाला.

भाऊजींनी मला काही विचारलं नाही. त्यांनी खण उघडला आणि एक फॉर्म काढून माझ्यापुढे सरकवला. तो कालचा नव्हता. त्याच्यावर रेघ नव्हती. दहाही प्रश्नांपुढे वेगवेगळ्या खुणा होत्या, निळ्या शाईच्या, पट्टी लावून केल्यासारख्या नीट. ह्यांचं अक्षर मी कुठेही ओळखीन. आयुष्यभर नकाशांवर आकडे घातलेले आहेत त्यांनी. सातव्या प्रश्नापुढे ‘होय’वर खूण होती आणि खाली तपशिलाच्या जागेत इंग्रजीत चार ओळी. मला इंग्रजी बेताचंच येतं, पण त्या चार ओळी समजायला तेवढं पुरलं. लग्नाआधीपासून. रोज एक गोळी. पुढे गोळीचं नाव, तिची ताकद. शेवटची फिट १४ फेब्रुवारी १९८०, पहाटे.

तारीख मलासुद्धा आठवत नव्हती.

“साहेब काल सांच्याला आलते,” भाऊजी म्हणाले. “तासभर बसलं हितं. नवा फॉर्म मागून घेतला, सोताच्या हातानं भरला. महागातली पॉलिसी करायला सांगितली.”

“आणि सही?”

“तीच तर राहिलीया. मी म्हटलं, घरी पाठवू का? तर न्हाई म्हणाले. म्हणाले, ती आपली आपण येईल. आली तर म्होरं ठेवा. मी इचारलं, आन् न्हाई आल्या तर? तर म्हणाले, शुक्रवारपातूर थांबा, मग मी बोलंन तिच्याशी. पर आधी तिला येऊ द्या.”

मी फॉर्मकडे बघत बसले. अक्षरं दिसेनाशी झाली. भाऊजी उठून उगीचच कॅलेंडर सरळ करत उभे राहिले. मग पाठमोरेच म्हणाले, “वहिनी, निम्म्या कोरेगावाची दुखणी ह्या पोटात हायती. भाईर काय बी येत न्हाई. आन् ती रेघ काय मी हितनं फुडं कुणाच्या फॉर्मवर वढणार न्हाई. साहेबांनी काल चांगलं फैलावर घेतलं मला.”

मी सही केली. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात चांगली सही आली.

स्टँडपासून घरापर्यंत वीस मिनिटांची वाट. त्या वीस मिनिटांत मला आधी रडू आलं आणि मग भयंकर राग आला. म्हणजे हा माणूस एकतीस वर्षं सगळं जाणून होता? मी रोज चोरासारखी डबा उघडत होते, पार्सल उशिरा आलं की माझ्या जिवाचं पाणी होत होतं, आणि हा शांतपणे पेपर वाचत होता? घरी पोचले ती तडक मागच्या अंगणात गेले. आत्याबाई देवळात गेल्या होत्या. हे जाळीपाशी बसून ब्रश रॉकेलमध्ये धूत होते.

“ब्लाउज झाले?” त्यांनी विचारलं.

“तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं?”

त्यांनी ब्रश डब्यात ठेवला. हात पुसले. “त्या पहाटेपासून,” म्हणाले. “आमच्या खात्यातल्या शिपायाला यायच्या फिट. बघितलं होतं मी. पुढच्या आठवड्यात साताऱ्याला जाऊन एका डॉक्टरांना विचारून आलो, काय काळजी घ्यायची म्हणून. विहीर, चूल, वाहन, या तीन गोष्टी सांभाळा म्हणाले.”

मी विहिरीच्या जाळीकडे पाहिलं. त्या वर्षी आळीत सगळ्यांच्या आधी आमच्याकडे गॅस आला होता, शेगडीला कट्टा बांधला होता. शेजारणींना वाटायचं साहेबांना दिमाखाची हौस. मलाही तेच वाटायचं. आणि वाहन म्हटल्यावर माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी बालवाडीत शिकवत होते तेव्हा बरोबरीच्या बाईनं लूना घेतली होती. मलाही हवी होती. गोळीमुळे आता आपल्याला काही होत नाही, अशी माझी खात्री झालेली होती. ह्यांनी साफ नाही म्हटलं होतं. बायकांनी गाड्या कशाला चालवायच्या, एवढंच म्हणाले होते. मी आठ दिवस अबोला धरला होता. पंचवीस वर्षं ते मी विसरले नव्हते, कुणाशीही भांडताना ते उदाहरण तोंडावर फेकायचे.

“लूना,” मी म्हटलं.

“हं. ते लई महागात पडलं मला,” हे म्हणाले आणि इतक्या वेळात पहिल्यांदा हसले.

“अहो, मग बोलायचं नाही का? एक शब्द?”

“पहिल्या वर्षी बोलणारच होतो. पण तू इतकी भ्यालेली असायचीस. म्हटलं, मला कळलंय हे हिला कळलं तर ही माझ्याकडे बघून रोज दचकेल. आणि आईच्या कानावर गेलं असतं तर तुझ्या दादाला इथं बोलावून घेतलं असतं तिनं. पुढं तृप्ती झाली. मग इतकी वर्षं झाली की आता काय म्हणून सांगायचं, तेच कळेना. तुझं पण तसंच झालं असेल ना?”

माझं अगदी तसंच झालं होतं. मी विहिरीच्या कठड्यावर बसले आणि रडून घेतलं. हे शेजारी बसले. रॉकेलचा वास येत होता त्यांच्या हातांना. मग म्हणाले, “काल तू नाही म्हणालीस ना, तेव्हा मला वाटलं आता बोलायला पाहिजे. एकटी जाणारेस. तिथं टॉवेल घेऊन बसायला मी नाही.”

“मी आले नसते तर?”

“आली असतीस. लेकीचा प्रश्न होता.”

मग गुरुवारी साताऱ्याला डॉक्टरांकडे जायचं ठरलं. कंपनीला त्यांचा दाखला लागणार होता. ह्यांनी वेळ आधीच घेऊन ठेवली होती, हे सांगायलाच नको. पण बाकी सगळं कळलं तरी एक गोष्ट माझ्या डोक्यात अडकून राहिली होती. फॉर्मवर गोळीचं नाव होतं, तिची ताकदही होती. ती ह्यांना कशी कळली?

विचारल्यावर हे जरा ओशाळले. “तू तृप्तीच्या वेळी माहेरी गेली होतीस ना, तेव्हा तुझ्या पिठाला पोरकिडे झाले. आई सगळं म्हशीपुढं ओतायला निघाली होती. मी म्हटलं, थांब, मी ओततो. तळाशी पिशवी सापडली. नाव टिपून घेतलं आणि नवीन पीठ घालून होती तशी परत ठेवली.”

“कुठलं नवीन पीठ? इथे कुठे मिळतं तसलं?”

“पाटणच्या बाजारातून आणलं. तुला कळलं नाही?”

कळलं होतं. बाळंतपणाहून आले तेव्हा ते पीठ वेगळंच लागलं होतं, न भाजता दळल्यासारखं. मला वाटलं, दादानं हलक्या हातानं केलंय. दादाला त्याबद्दल बोलणीही खायला लागली होती.

आणि मग मला त्याच सुमाराची दुसरी गोष्ट आठवली. आमच्या दिवाळसणाला हे माझ्या माहेरी आले होते तेव्हा कुळथाची पिठी चार वेळा मागून घेतली होती त्यांनी. वहिनी तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. पण तृप्तीच्या बाळंतपणाहून आल्यावर मी हौसेनं पिठी केली तर ताटातून बाजूला सारली. मला उष्ण पडतं, तोंड येतं, म्हणाले. तेही आत्याबाईंपुढे. मला वाटलं, ह्यांनाही शेवटी ते बैलाचंच खाणं वाटतं. माझ्या माहेराला नावं ठेवल्यासारखं ते मला लागलं होतं आणि पुढे मी एकटीपुरतीच पिठी करत आले.

त्यांना मी ते विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. ह्यांनी पिठी खाल्ली असती तर आत्याबाईंनी डबा उघडला असता, नणंदा आल्या-गेल्या असत्या तेव्हा त्यांनी उघडला असता. घरात माझ्याशिवाय कुणाला ती चालत नाही म्हटल्यावर त्या डब्याला एकतीस वर्षं दुसरा हात लागला नाही.

मी उठून आत गेले आणि पिठी टाकली. लसणीची फोडणी, तिरफळ, दोन आमसुलं. भात लावला. आत्याबाई देवळातून आल्या आणि वासानं नाक मुरडत पाटावर बसल्या. त्यांना मी आमटी वाढली. ह्यांच्या ताटात भात घातला, मध्ये खळगा केला आणि पिठीचं भांडं हातात घेऊन नुसती उभी राहिले.

“वाढ की,” हे म्हणाले.

वाढली. त्यांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. दुसऱ्यांदा मागितली, तिसऱ्यांदा मागितली. आत्याबाई घास हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिल्या.

“आरं वसंता, तुला उष्ण पडतंय न्हवं ते?”

“आता नाही पडत,” हे म्हणाले.

कॅलगरीला मी पाच महिने राहिले. नातू झाला, तो आता शाळेत जातो. तृप्तीला मी गेल्या गेल्या सगळं सांगितलं आणि गोळ्यांची पट्टी तिच्या ओट्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ठेवली. काही झालं नाही. पॉलिसीचा कागद पर्समधून एकदाही बाहेर काढावा लागला नाही. पण त्या कागदाच्या भरवशावर मी तिथे जितकी शांत झोपले तितकी लग्नानंतर कधी झोपले नव्हते.

आत्याबाईंना काय आणि किती सांगायचं, ते आम्ही दोघांनी बसून ठरवलं आणि पुढे सावकाश सांगितलं. त्या दिवशी मात्र त्या जेवण करून हात धुवायला उठल्या तेव्हा हेही उठले. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी फडताळावरचा कुळथाचा डबा काढला. झाकण उघडलं, तळाशी हात घालून पिशवी बाहेर काढली, तिच्यावरचं पीठ झटकलं आणि ती पाण्याच्या माठाशेजारी, माझ्या पेल्याजवळ ठेवली. मग डबा हलवून पाहिला.

“पीठ संपत आलंय,” म्हणाले. “मनोहरला फोन कर. म्हणावं, या वेळी दुप्पट पाठव. खाणारी आता दोन माणसं आहेत.”